शितावरून भात की दाणा न दाणा? वीस हजार प्रकाशनळ्यांच्या तपासणीचा प्रश्न

भोसरीचा चिकित्सक

चीनमधल्या जुनो या न्यूट्रिनो-शोधकाने (न्यूट्रिनो म्हणजे पदार्थातून जवळजवळ न अडता जाणारे सूक्ष्म कण) २६ ऑगस्ट २०२५ पासून मोजणी सुरू केली. जमिनीखाली ७०० मीटरवर ३५.४ मीटर व्यासाचा ॲक्रिलिकचा गोल आहे. त्यात २० हजार टन सिंटिलेटर द्रव, आणि भोवती २० इंची १७,६१२ फोटोमल्टिप्लायर नळ्या. ३ इंची २५,६०० वेगळ्या. न्यूट्रिनो द्रवात धडकला की मिणमिणता उजेड पडतो, तो या नळ्या टिपतात.

मला खटकलं ते तपासणीचं नियोजन. मोठ्या नळ्या एकूण एक तपासल्या. त्यासाठी मालवाहू कंटेनरच्या अंधाऱ्या खोल्या केल्या, आत एकेका नळीसाठी खण. हे काम काही वर्षं चाललं. आता जपानमध्ये हायपर-कामिओकांडे या नव्या न्यूट्रिनो-शोधकासाठी ५० सेंटिमीटर व्यासाच्या सुमारे वीस हजार नळ्या लागणार आहेत, तिथेही हीच चर्चा.

मी बावीस वर्षं इनकमिंग इन्स्पेक्शन केलं आहे. ट्रकभर बेअरिंग आली की आम्ही प्रत्येक मोजत बसत नाही. लॉट पाडतो, सॅम्पल काढतो, सॅम्पल नापास झालं तर अख्खा लॉट परत. आपल्या आज्या शितावरून भाताची परीक्षा करत होत्या, त्यांना कोणी अवैज्ञानिक म्हटलं नाही. माझं म्हणणं एवढंच: नळी न नळी तपासण्याचा हट्ट सोडा, तो पैसा आणि वेळ दुसरीकडे लावा.

अंधारकोठडी

दादा, मी या नळ्या हाताळल्या आहेत (जुनोत नाही, लहान प्रयोगात). तुमच्या उपमेतच घोळ आहे. भात एका पातेल्यात शिजतो, म्हणून एक शीत बाकीच्यांची साक्ष देतं. इथे प्रत्येक दाण्याचं पातेलं वेगळं. २० इंची नळीचा काचेचा फुगा कारागीर तोंडाने फुंकून बनवतो. प्रकाशाला इलेक्ट्रॉन सोडणारा तो पातळ थर, फोटोकॅथोड, प्रत्येक नळीत स्वतंत्र चढवतात. सोमवारची नळी मंगळवारच्या नळीची हमी देत नाही. बेअरिंग मशीन काढतं, हे जवळजवळ हस्तकलेत मोडतं.

वेळ का लागतो तेही सांगते. नळी उजेडातून आणली की तासन्‌तास बिथरलेली असते, काही न दिसताही खोटे ठोके देत राहते. अंधारात झाकून ठेवायची, बहुधा रात्रभर. मग एलईडीचे इतके मंद झोत मारायचे की सरासरी दर दहा झोतांना एक इलेक्ट्रॉन सुटावा. म्हणजे नव्वद टक्के वेळा काहीच येत नाही, नऊ टक्के वेळा एकच येतो, आणि दोन किंवा जास्त येण्याचं प्रमाण अर्ध्या टक्क्याच्या आत. तेव्हा कुठे ‘एका इलेक्ट्रॉनला ही नळी किती मोठा सिग्नल देते’ हे स्वच्छ कळतं. त्याच बसणीत व्होल्टेज ठरतं, डार्क काउंट (अंधारातले खोटे ठोके) कळतो, सिग्नल यायला किती नॅनोसेकंद मागेपुढे होतं तेही कळतं.

सदाशिव पेठ तळघर

पण कंपनी प्रत्येक नळीबरोबर तिचा कागद देतेच की. त्यावर सगळे आकडे असतात. तेच पुन्हा मोजायचं म्हणजे लग्नात दोन्हीकडच्यांनी दोनदा पत्रिका जुळवण्यासारखं.

अंधारकोठडी

दोन्हीकडचे जुळवतातच ना? कारण दोन्हीकडचा गुरुजी वेगळा असतो. कंपनी तिच्या पद्धतीने मोजते, तिच्या केबलवर. आणि नळी परत करायची तर हातात स्वतःचा आकडा हवा, नाहीतर ‘आमच्याकडे पास होती’ हे ऐकून गप्प बसायचं.

मोजपट्टी

थोडा हिशोब मांडतो. जुनोला १ एमईव्ही (दहा लाख इलेक्ट्रॉन-व्होल्ट) ऊर्जेला ३ टक्क्यांची अचूकता हवी आहे, कारण न्यूट्रिनोंच्या वस्तुमानांचा क्रम त्याशिवाय उलगडत नाही. मोजलेल्या इलेक्ट्रॉनांची संख्या ‘न’ धरली तर अनिश्चितता साधारण एक भागिले वर्गमूळ ‘न’. ३ टक्क्यांसाठी ‘न’ किमान ११११ हवा, आणि हा फक्त आकडेशास्त्राचा वाटा, बाकीच्या चुका वर. नळ्यांची टिपण्याची क्षमता दहा टक्क्यांनी घसरली की अचूकता पाच टक्क्यांनी बिघडते. इथे ढिलाई परवडत नाही.

भोसरीचा चिकित्सक

मोजपट्टी, हिशोब मान्य, निष्कर्ष नाही. तुम्हाला हवी ती सरासरी. समजा नळ्यानळ्यांत क्षमतेचा फरक दोन टक्के-बिंदूंचा आहे. पाचशे नळ्या मोजल्या तर सरासरीतली चूक २ भागिले २२, म्हणजे एक दशांशाच्याही आत. उरलेल्या सतरा हजार मोजून काय वेगळं कळणार? आणि व्होल्टेज, वेळ वगैरे तर बसवल्यावर जागेवर लेझर सोडून पुन्हा जुळवावंच लागतं. मग दोनदा कशाला?

शेपटी

भोसरीकर, सरासरी तुमची, शेपटी (म्हणजे टोकाला पडणाऱ्या मोजक्या खराब नळ्या) माझी. हजारात एक नळी पक्की बिघडलेली आहे असं धरा, म्हणजे वीस हजारांत वीस. पाचशेच्या सॅम्पलमध्ये त्यातली एकही न सापडण्याची शक्यता ०.९९९ चा पाचशेवा घात, म्हणजे ६१ टक्के. निम्म्याहून जास्त वेळा तुम्ही ‘लॉट एकदम चोख’ अशी सही ठोकाल.

भोसरीचा चिकित्सक

आणि ठोकीनच! वीस हजारांत वीस मेल्या तर बिघडलं काय? जपानमधलाच आधीचा शोधक सुपर-कामिओकांडे २००२च्या अखेरीपासून २००५ पर्यंत निम्म्याहून कमी नळ्यांवर चाललं, तरी भौतिकशास्त्र झालंच.

शेपटी

मेलेली नळी परवडते हो, जिवंत राहून त्रास देणारी नाही. काही नळ्या स्वतःच आतून चमकतात. समोरच्या नळ्यांना वाटतं घटना घडली. रात्री गल्लीत एक कुत्रं भुंकलं की बाकीची सुरू होतात, तसं. आणि ही नळी पाण्याखाली गेल्यावर वीस वर्षं बदलता येणार नाही. बेअरिंग गेलं तर गाडी वर्कशॉपला येते.

देवगडची पेटी

सुपर-कामिओकांडेचं नाव निघालंच आहे तर ते निम्म्यावर का आलं होतं तेही सांगा. १२ नोव्हेंबर २००१. टाकीत पाणी परत भरत असताना तळाजवळची एक नळी आत कोसळून फुटली. तिच्या धक्क्याने शेजारची, तिच्याने तिच्या शेजारची. ११,१४६ पैकी साडेसहा हजारांहून जास्त नळ्या फुटल्या. आंब्याच्या पेटीत एक नासका निघाला की अख्खी अढी जाते, तेच. एक खराब नळी म्हणजे एकच नळी, हे गणित मला म्हणूनच पटत नाही.

भोसरीचा चिकित्सक

पेटीवाले, तुम्ही तर माझीच बाजू मांडली. टाकी १९९६ पासून चालू होती. अंधाऱ्या खोलीत एलईडी मारून ती दुर्घटना कोणाला दिसली असती? उत्तर पुढे काय सापडलं तर प्रत्येक नळीला पुढून ॲक्रिलिकचं आणि मागून फायबरचं कवच, म्हणजे एक फुटली तरी धक्का बाहेर जाऊ नये. म्हणजे तपासायला हवी होती ती ‘एक फुटली तर काय’ ही गोष्ट. हायपर-कामिओकांडेची टाकी ७१ मीटर खोल, तळाशी नुसत्या पाण्याचा दाब सात वातावरणांच्या आसपास. मी पैसा तिकडे लावा म्हणतोय. थोड्या नळ्या मुद्दाम फोडा, कवच टिकतं का बघा. ही तपासणी सॅम्पलवरच होऊ शकते, सगळ्या फोडून कशा चालतील!

कुलाबा टोक

भोसरीकरांच्या या मुद्द्याला जोड देतो. सर्न या युरोपातल्या कणभौतिकी प्रयोगशाळेच्या सीएमएस शोधकात बाहेरच्या हॅड्रॉन कॅलरीमीटरच्या (कणांची ऊर्जा मोजणाऱ्या भागाच्या) सिंटिलेटर पट्ट्यांमध्ये आपल्या मुंबईच्या टीआयएफआर या संशोधन संस्थेचा मोठा वाटा आहे. तिथे सुरुवातीला एचपीडी जातीचे प्रकाश टिपणारे संवेदक होते. प्रत्यक्ष चुंबकाच्या कडेच्या क्षेत्रात ते आतून ठिणग्या टाकू लागले, म्हणून व्होल्टेज उतरवावं लागलं आणि २०१३-१४च्या बंद काळात त्यांच्या जागी सिलिकॉनचे संवेदक बसवले. नग किती तपासले यापेक्षा कुठल्या परिस्थितीत तपासले हे मोठं. २० इंची नळीला बिघडवायला तर पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्रही पुरतं, कारण इलेक्ट्रॉनाला आत लांब पल्ला गाठायचा असतो.

सदाशिव पेठ तळघर

सिलिकॉन म्हणजे एकाच वेफरवर (सिलिकॉनच्या पातळ चकतीवर) शेकडो. हा भात एका पातेल्यातला! तिथे तरी शीत चालेल?

मोजपट्टी

अर्धवट. चिप एका पातेल्यातली, पण तिचं पॅकेजिंग आणि सोल्डर नाही. अमेरिकेतल्या डून या न्यूट्रिनो-प्रयोगात हे संवेदक उणे १८६ अंशांच्या द्रव आर्गॉनमध्ये बसायचे आहेत. म्हणून आधी द्रव नायट्रोजनमध्ये बुडवून, काढून, पुन्हा बुडवून बघतात. खोलीत उत्तम चालणारा नग थंडीत तडकतो.

भोसरीचा चिकित्सक

ठीक. हाताने घडलेल्या वस्तूला लॉटचा नियम लागत नाही हे ‘अंधारकोठडी’ यांचं म्हणणं मला पटायला लागलंय. तरी मी पूर्ण खाली येत नाही. प्रत्येक नळीचं व्होल्टेज आणि डार्क काउंट बघा, एका रात्रीचं काम. पण पृष्ठभागावर बिंदू बिंदू फिरवून केलेली मोजणी निवडक नळ्यांवरच हवी, जुनोनेही ती तशीच केली. आणि एक राहिलं. आमच्याकडे गेजसुद्धा कॅलिब्रेट होतो. तुमचा तपासणी-संच कोण तपासतं?

अंधारकोठडी

दुखऱ्या जागी बोट ठेवलंत. त्यासाठी काही संदर्भ-नळ्या ठेवतात. त्या रोज त्याच, फक्त खण बदलून लावायच्या. आकडा नळीबरोबर फिरला तर दोष नळीत, खणाबरोबर राहिला तर दोष खणात.

आमच्याकडे पहिल्या महिन्यात हे शिस्तीने होत नव्हतं. दुपारी एसी बंद पडायचा, एलईडी तापायचा, प्रकाश कमी द्यायचा. मी एका आठवड्यात चाळीस नळ्यांवर लाल शिक्का मारला. त्यांना परत पाठवण्याचं पत्रसुद्धा टाइप झालं होतं.

भोसरीचा चिकित्सक

मग? गेल्या का परत?

अंधारकोठडी

नाही. सरांनी एकच विचारलं, ‘सकाळच्या नळ्या सगळ्या पास आणि दुपारच्याच नापास कशा?’ एसी दुरुस्त करून चाळीसच्या चाळीस पुन्हा लावल्या. अडतीस पास झाल्या. दोन खरोखर खराब निघाल्या, त्यातली एक सकाळी पास झालेल्यांच्या खोक्यात चुकून ठेवली गेली होती. आता त्या तुमच्या सॅम्पलमध्ये आल्या असत्या का, हे ‘शेपटी’ यांना काढायला सांगा.

शेपटी

लॉट केवढा, सॅम्पल किती घेणार? आकडे द्या, काढतो.