कुस्तीच्या टेबलटॉप खेळात पंचमहाभूतं ठेवायची की काढायची?

वेणुग्रामकर (टिळकवाडी, बेळगाव)

आमच्या रविवारच्या टेबलवर एक वाद पेटलाय, तो सगळ्यांपुढं मांडतो.

खेळ आमचा आम्हीच बांधलाय : टेबलाभोवती बसून प्रत्येकानं एक पात्र घ्यायचं, बोलत गोष्ट पुढं न्यायची, आणि जमेल की नाही ते फाशांवर ठरवायचं. काळ रट्ट राजांचा, गाव वेणुग्राम. म्हणजे किल्ल्यातली कमल बस्ती (जैन मंदिर) नवीकोरी असतानाचं, 1204 च्या आसपासचं आपलं बेळगाव. पात्रं मल्ल. प्रत्येकाच्या शीटवर पाच आकडे : पृथ्वी, आप, तेज, वायू, आकाश, एक ते पाचपर्यंत. त्याखाली कसबं : पकड, पट, फेक, बैठी कुस्ती, बोलणं, जखम बांधणं वगैरे, शून्य ते चार. कसोटीची वेळ आली की दोन साधे फासे टाकायचे, त्यात महाभूत आणि कसब मिळवायचं, आणि बेरीज जीएमच्या, म्हणजे खेळ चालवणाऱ्याच्या, टार्गेटला पोचली पाहिजे. सोपं टार्गेट 9, नेहमीचं 11, अवघड 13.

वाद असा. कुठल्या कसबाला कुठलं महाभूत हे आधीच बांधून ठेवायचं का? फेकीला कायम तेज, पकडीला कायम पृथ्वी असं? की खेळाडूनं 'मी हे असं करतोय' म्हणून सांगायचं आणि त्यावरून महाभूत ठरायचं? टेबलवरचे काहीजण तर म्हणतात, महाभूतं काढूनच टाका आणि जोर, चपळाई, दम असे सरळ गुण घ्या.

माझं मत स्पष्ट आहे. महाभूतं राहिली पाहिजेत, आणि मोकळी राहिली पाहिजेत.

एकेरी पट घ्या. एकजण सलामी झाली रे झाली की मुसंडी मारून पायाला भिडतो, ते तेज. दुसरा समोरच्याला रेटू देतो आणि त्याच रेट्याबरोबर खाली उतरून पाय धरतो, ते आप. तिसरा मान खेचतो, समोरचा मान वर काढतो तेवढ्यात हा खाली शिरलेला असतो, ते वायू. चौथा नुसता उभा राहतो, सगळं अंगावर घेतो आणि समोरच्याचा भाता फुलला की सावकाश पाय काढून घेतो, ती पृथ्वी. डाव एकच, माणसं चार. 'जोर अधिक पट' लिहिलंत की चौघंही एकच होतात, आणि मग मला तो खेळ चालवायचाच नाही.

कल्पना आमची नव्हे. 'लेजंड ऑफ द फाइव्ह रिंग्स' हा रोकुगान नावाच्या कल्पित, जपानी धाटणीच्या देशातला खेळ 1997 पासून आहे. त्यातही पाच तत्त्वं : पृथ्वी, पाणी, अग्नी, वायू, शून्य. त्यांना तिथं 'रिंग्स', म्हणजे कडी म्हणतात. त्याच्या जुन्या आवृत्त्यांत शून्य सोडून प्रत्येक कड्याखाली दोन गुण असत. पृथ्वीखाली दम आणि मनोनिग्रह, अग्नीखाली चपळाई आणि बुद्धी. दोन्हींत जो आकडा लहान, तो त्या कड्याचा. एकच बाजू वाढवणाऱ्याचं कडं तिथंच अडकून पडायचं. 2018 च्या पाचव्या आवृत्तीत ते गुण गेले, पाच कडी तेवढी राहिली, आणि कुठलंही कसब कुठल्याही कड्यानं वापरता येऊ लागलं. लढाईत वायूनं हुलकावणी, पृथ्वीनं सोसणं, अग्नीनं अंगावर तुटून पडणं, पाण्यानं रोख बदलणं, शून्यानं स्वतःला पणाला लावणं. फासेही दोन जातींचे : कड्याचे सहा बाजूंचे, कसबाचे बारा बाजूंचे. सगळे टाकायचे, पण ठेवायचे मात्र कड्याच्या आकड्याइतकेच. म्हणजे कसब कितीही असो, स्वभावात मावेल तेवढंच हाती लागतं. तालमीत वीस डाव घोटलेला पोरगा मैदानात दोनच लावतो, हे ज्यानं पाहिलंय त्याला यातलं खरेपण सांगावं लागणार नाही.

कंग्राळीचा गडी

दादा, लिहिलंय झकास, पण मला पटत न्हाई. मी तालमीतच वाढलोय. 'तुझं तेज कमी पडतंय' असं वस्ताद पोरग्याला कवाच म्हणत न्हाईत. 'दम न्हाई', 'नजर न्हाई', 'कंबर उशिरा फिरालीय' असं म्हणतात. खेळ मल्लांचा हाय तर शीटवर मल्लांचंच बोलणं पाहिजे की ओ. धोबीपछाड मारायला लागतो जोर, कंबर आणि वेळ. त्यात आकाश कुठं आलं?

आणि खरी अडचण दुसरीच हाय. आमच्याकडं एका गड्याचं तेज 5. गावुंडाला (गावच्या पाटलाला) समजवायचं? तेजानं, 'डोळ्यात डोळा घालून'. रात्री किल्ल्याची भिंत चढायची? तेजानं, 'एका दमात'. जखम बांधायची? तेजानं, 'भराभर'. ऐकायला गोड लागतंय म्हणून जीएम मान हलवतो. मग बाकीचे चार आकडे कशाला लिहायचे?

माझ्या शेजारी बसतो तो पोरगा खरोखरचा कुस्तीच्या हौद्यात उतरणारा हाय. लाजाळू. त्याला असलं बोलणं सुचत न्हाई, म्हणून त्याचा मल्ल हरतो. ज्याला कुस्तीतलं काही कळत न्हाई पण तोंड चालतंय, त्याचा मल्ल जिंकतो. हे मला बघवत न्हाई.

गणितवाल्या बाई (निपाणी)

त्या गड्याला लबाड ठरवू नका, गणितच त्याला तिकडं ढकलतंय. टार्गेट 11 आणि कसब 2 धरा. महाभूत 5 असेल तर दोन फाशांवर 4 किंवा जास्त पडलं की झालं : 36 पैकी 33 वेळा, म्हणजे 92 टक्के. महाभूत 4 ला 83, 3 ला 72, 2 ला 58, आणि 1 ला 42. हातात 92 असताना 58 कोण निवडेल? गोष्ट सुंदर होते म्हणून कुणी कुस्ती हरत नाही.

म्हणून माझा उपाय. त्याच कुस्तीत तेच महाभूत पुन्हा वापरलं की दरवेळी टार्गेट 2 नं वाढवा. 4 वाल्याचे 83 चे दुसऱ्या खेपेला 58 होतात, तिसऱ्याला 28. न वापरलेलं 2 चं महाभूत पहिल्या खेपेला 58 च देतं. म्हणजे दुसऱ्याच खेपेला थांबून विचार करावा लागतो, आणि तिसऱ्याला बदलावंच लागतं.

फासे मात्र दोनच ठेवा. 'चिन' नावाच्या खेळात दहा बाजूंचे दोन फासे टाकून त्यांतली वजाबाकी घेतात. 0 ते 9, सरासरी 3.3, आणि लहान आकडे फार वेळा येतात. तिथं शीटवरचा आकडाच बहुतेक निकाल लावतो. शिकाऊ मल्लानं मोठ्या मल्लाला कधीतरी चितपट करावं असं तुम्हाला वाटत असेल, तर ती पद्धत तुमच्या कामाची नाही.

वैद्य (खानापूर)

मी आयुर्वेदाची डॉक्टर. महाभूतं ठेवावीत हे वेणुग्रामकरांचं म्हणणं मान्य, पण त्यांनी वायू म्हणजे चपळाई आणि हुलकावणी केलीय, ती त्या जपानी धाटणीच्या खेळातून आलेली. आपल्याकडं प्रत्येक महाभूताला स्वतःचा गुण आहे : आकाशाचा शब्द, वायूचा स्पर्श, तेजाचं रूप, आपाचा रस, पृथ्वीचा गंध.

आता खडाखडी आठवा. कपाळाला कपाळ भिडलेलं, हात एकमेकांच्या मानेवर. समोरच्याचं वजन कुठल्या पायावर गेलं हे डोळ्याला दिसायच्या आधी तळहाताला कळतं. तो स्पर्श, तो वायू. लांबून चाल पाहून याचा डावा गुडघा दुखावलेला आहे हे ओळखणं, ते रूप, ते तेज. हलगी, लोकांचा आरडाओरडा आणि त्यातून नेमकी वस्तादांची हाक वेगळी ऐकू येणं, ते आकाश. असं धरलं की महाभूताला कुंपण मिळतं. अंधाऱ्या रात्री भिंत चढायला तेज चालणारच नाही, कारण रूप दिसतच नाही. चाचपडत, स्पर्शानं चढा. तोंड कितीही चालो, जीएमला 'नाही' म्हणायला कारण मिळालं.

वात, पित्त, कफ मात्र गुण म्हणून घेऊ नका. ते दुखापत आणि थकव्यासाठी राखून ठेवा, तिथं ते फार चांगले बसतील.

अथणीकर

पाणी अग्नीला हरवतं असला नियम कृपा करून आणू नका. तो चिनी पंचतत्त्वांचा क्रम : लाकूड मातीला, माती पाण्याला, पाणी अग्नीला, अग्नी धातूला, धातू लाकडाला. आपल्याकडं तैत्तिरीय उपनिषदात आकाशापासून वायू, वायूपासून अग्नी, अग्नीपासून आप, आपापासून पृथ्वी. एकातून दुसरं उपजतं, त्यांची आपापसात कुस्ती नाही.

चिकोडीचा जुना खेळाडू

तुम्ही सगळे मिळून खेळ जड करताय. माझ्या टेबलवर शाळेतली पोरं बसतात. प्रत्येक रोलला 'हा स्पर्श की हे रूप' अशी चर्चा निघाली तर संध्याकाळपर्यंत एक कुस्ती निकाली होणार नाही, आणि पोरं मोबाईल काढून बसतील. गुण कसबाला बांधा, शीटवर छापा, फासे टाका, पुढं चला.

आणि गुणच हवेत तर मल्लविद्येतल्या चार पद्धती समोर आहेत. भीमसेनी म्हणजे निव्वळ ताकद, हनुमंती म्हणजे डावपेच, जांबुवंती म्हणजे आवळून जखडून शरण आणणं, जरासंधी म्हणजे सांधे मोडणं. कुठल्याही पैलवानाला हे समजावून सांगावं लागत नाही. तुम्हाला त्या काळाचा खरेपणा हवाय ना? मग कल्याणीच्या चालुक्य सोमेश्वर तिसऱ्याचा मानसोल्लास बघा. बाराव्या शतकातला, म्हणजे तुमच्या वेणुग्रामाच्या थोडा आधीचा, आणि आपल्याच मुलखातला. त्यात मल्लविनोदाचं प्रकरण आहे. तिथं मल्लांची प्रतवारी वय, बांधा आणि ताकद बघून केलीय. महाभूतं बघून नव्हे.

वेणुग्रामकर

चिकोडीचे काका, मानसोल्लासात मल्लांची प्रतवारी आहे ती जोड लावायला. आमच्या खेळातही जोड तशीच लागते, वय आणि वजन बघून. पण जोड लागल्यावर हौद्यात जे घडतं ते प्रतवारीतून कळत नाही. आणि चार पद्धती कुस्तीपुरत्या उत्तम, पण गावुंडाशी बोलायचं ते जरासंधीनं की जांबुवंतीनं? आमचा मल्ल हौद्याबाहेरही जगतो. त्याला आई आहे, कर्ज आहे, किल्ल्यावर पहारा आहे. तिथंही तो तोच माणूस दिसायला हवा, आणि ते मला पाच महाभूतांतच जमताना दिसतं.

वैद्यबाईंचं कुंपण मी येत्या रविवारपासून लावतोय. गंध आणि रस मैदानात ओढूनताणून बसतील असं वाटतं, म्हणून पृथ्वी आणि आप मी लिहिले तसेच ठेवणार.

कंग्राळीच्या दादा, तुमच्या त्या लाजाळू पोरग्यासाठी बोलण्याची अटच नको. त्यानं उभं राहून करून दाखवायचं. शेजाऱ्याच्या मानेवर हात ठेवून, पाय कुठं टाकला ते दाखवून. महाभूत कुठलं हे मी ओळखीन. तोंड चालवणाऱ्यालाही तेच सांगीन, करून दाखव म्हणून.

कंग्राळीचा गडी

हे चालंल. करून दाखवायचं म्हटलं तर आमचं पोरगं सगळ्यांना भारी पडंल.

पण निपाणीच्या बाईंनी 2 वाढवायचा नियम सांगितला, त्यात एक गोष्ट राहिली. तिसऱ्यांदा पट लागत न्हाई तो माझं तेज संपलं म्हणून न्हाई. समोरच्याला कळलंय म्हणून. म्हणून ती वाढ माझ्या शीटवर लिहू नका, समोरच्याच्या शीटवर लिहा. 'यानं याचं तेज दोनदा बघितलंय.' कुस्ती संपली तरी ते पुसायचं न्हाई. पुढच्या साली तीच जोड लागली तर तिथूनच सुरुवात. आणि येळ्ळूरच्या मैदानात कडेला बसून माझी कुस्ती बघणारा जो पैलवान, त्यालाही एक खूण मिळाली पाहिजे. नवा गडी लांबून आला तर मात्र माझी पाटी कोरी.

आणि दमाचा रकाना पाहिजेच. त्याशिवाय मी पेन्सिल उचलत न्हाई.

गणितवाल्या बाई (निपाणी)

समोरच्याच्या शीटवर लिहिणं माझ्या नियमापेक्षा बरं आहे, आकडे तेच राहतात. दमाचं असं करा : पृथ्वी आणि आप यांची बेरीज म्हणजे दम. प्रत्येक फसलेल्या कसोटीला एक कमी. दम शून्यावर आला की पाचही महाभूतं एकेक खाली. एक खाली म्हणजे काय ते वरच्या आकड्यांतच आहे : 4 वाला 83 वरून 72 वर येतो, 2 वाला 58 वरून 42 वर. कच्चा मल्ल जास्त घसरतो, आणि तसंच व्हायला हवं.

वैद्य (खानापूर)

आकाश सोडून. थकवा शरीराला येतो, आकाशाला कसला थकवा?

कंग्राळीचा गडी

न्हाई बाई, इथं तुमचं चुकतंय. दम तुटला की गड्याला पहिलं ऐकूच येत न्हाईसं होतंय. वस्ताद कडेवरून 'खाली बघ, पाय बघ' म्हणून घसा फोडून ओरडालेत, आणि हा वर बघून घुटमळतोय. नजर त्याच्या नंतर जाते, हाताची पकड सगळ्यात शेवटी. बाकीचे एकनं कमी करा, आकाश दोननं करा.