अनुभव धागा: ऐतिहासिक, विनोदी प्रेमकादंबऱ्या – कुणाला कोणती द्यावी?

जुन्या काळातली, हसवणारी प्रेमकादंबरी सुचवा म्हटलं की नावांची रांग लागते. पण पहिलंच पुस्तक चुकलं की वाचक पुन्हा त्या वाटेला जात नाही. म्हणून नुसती यादी नको. कोणती कादंबरी कोणत्या वाचकाला द्यावी, तो कुठे अडतो आणि का, तेवढं लिहा. शेवट मात्र फोडू नका.

* * *

सुरुवात इंग्लिश कादंबरीकार जॉर्जेट हेयरपासून, आणि तिची 'कॉटिलियन' (१९५३) आधी. कंजूष म्हातारा पालक अट घालतो की किटीने त्याच्या नात्यातल्या नातवांपैकी एकाशी लग्न केलं तरच तिला इस्टेट मिळेल. किटी फ्रेडीला खोट्या वाङ्निश्चयाला राजी करते आणि महिनाभरासाठी लंडन गाठते. पहिल्याच प्रकरणात नातेवाइकांची गर्दी उसळते आणि बरेच जण तिथेच पुस्तक मिटतात. किटी, फ्रेडी, जॅक आणि डॉल्फिंटन ही चार नावं धरून ठेवायची. बाकीचे पुढे आपोआप ओळखीचे होतात.

* * *

'कॉटिलियन' फार सुंदर आहे, पण पहिली नको! तिची सगळी गंमत नेहमीचा साचा उलटवण्यात आहे. देखणा, बेफिकीर, बायकांना भुरळ घालणारा नायक आधी एक-दोनदा भेटलेला असेल, तरच कपडे आणि रीतभात यांतच निष्णात असलेला फ्रेडी काय कमाल करतो ते जाणवतं. नवख्या वाचकाला ते सारं नुसतंच गोड वाटेल.

आधी 'फ्रेडरिका' (१९६५) द्या. अल्व्हरस्टोक हा सदतीस वर्षांचा, सगळ्याला कंटाळलेला उमराव. फ्रेडरिका चोवीस वर्षांची, धाकट्या भावंडांचं घर चालवणारी. हसू येतं ते तिच्या भावांमुळे आणि त्यांच्या कुत्र्यामुळे. ग्रीन पार्कमधल्या गायींच्या मागे लागलेलं हे साधं कुत्रं 'बलुचिस्तानी हाउंड' म्हणून खपवलं जातं, तो प्रसंग तर मोठ्याने वाचून दाखवण्यासारखा. अडचण एकच: प्रेम हळूहळू आणि उशिरा उमलतं. पहिल्या पन्नास पानांत हुरहूर हवी असेल त्याला हे पुस्तक देऊ नका.

* * *

विनोद निसटतो तो बहुतेक वेळा त्या काळचे नियम माहीत नसल्यामुळे. यांतल्या बऱ्याच कादंबऱ्या इंग्लंडच्या रीजन्सी काळातल्या, म्हणजे १८११ ते १८२०. राजा आजारी आणि युवराज कारभार पाहतोय. इंग्लंडमध्ये १७५३ च्या कायद्यानुसार एकवीस वर्षांखालच्यांना परवाना काढून लग्न करायचं तर पालकांची संमती लागे. एरवी चर्चमध्ये तीन रविवार जाहीर पुकारा, म्हणजे गुप्तता संपलीच. हा कायदा स्कॉटलंडला लागू नव्हता, म्हणून पळून जाणारी जोडपी सीमेलगतच्या ग्रेटना ग्रीनकडे धाव घेतात. हे ठाऊक असेल तर घोडागाडीच्या पाठलागांत चुरस कसली आहे ते कळतं. आणि कँटरबरीच्या आर्चबिशपकडचा खास परवाना असेल तर लग्न कुठेही, कधीही लागू शकतं. म्हणून नायकाच्या खिशातून तो कागद निघाला की कथानक एकदम वळतं.

पैशाचंही तसंच. विवाहित स्त्रीला स्वतःच्या मालमत्तेवर पूर्ण हक्क देणारा कायदा थेट १८८२ चा. त्याआधीची नायिका लग्नाचा हिशेब मांडते तेव्हा तिला लोभी समजू नये.

बोलीतल्या जुन्या शब्दांसाठी दर ओळीला कोश उघडू नका. हेयरकडे तेच शब्द पुन्हा पुन्हा येतात आणि संदर्भाने उलगडतात.

* * *

ज्युलिया क्विनच्या ब्रिजर्टन मालिकेत आठ भावंडं आणि आठ पुस्तकं, पण क्रम वयाचा नाही. पहिलं 'द ड्यूक अँड आय' (२०००) चौथ्या भावंडाचं, डॅफ्नीचं. त्यात नवरा नशेत असताना त्याच्या संमतीशिवाय घडलेला एक प्रसंग आहे. सुचवताना ते आधी सांगावंच. निखळ हसण्यासाठी दुसरं, 'द व्हायकाउंट हू लव्ह्ड मी' द्या. त्यातला पॉल-मॉलचा (लाकडी हातोड्याने चेंडू टोलवायचा) खेळ म्हणजे भावंडांच्या कुरघोडीचा अस्सल नमुना. चौथं आधी देऊ नका, टोपणनावाने समाजातल्या कुचाळक्या छापणारी लेडी व्हिसलडाउन कोण ते त्यात उघड होतं.

आणखी एक. हेयरकडे शयनगृहाचं दार कायम बंद असतं. क्विन आणि लॉरेटा चेस यांच्याकडे ते उघडं असतं. हा फरक न सांगता पुस्तक हातात दिलं तर दोन्हीकडचे वाचक नाराज होतात.

* * *

चेसची 'मिस्टर इम्पॉसिबल' (२००५) साहसाची आवड असलेल्यांना बिनधास्त द्या. काळ १८२१, स्थळ इजिप्त. नायिका चित्रलिपी उलगडण्याच्या मागे आहे आणि नायक आपण मठ्ठ आहोत असं मजेत भासवतो. ही लिपी उलगडणाऱ्या फ्रेंच विद्वान शाँपोलियाँने आपला शोध जाहीर केला तो १८२२ मध्ये, म्हणजे कथा नेमकी त्याच्या उंबरठ्यावर उभी आहे. विधवा, विदुषी नायिका आणि तिच्या बुद्धीवर भाळणारा नायक ही जोडी इतकी छान जमलेली क्वचितच सापडते.

* * *

हेयरची 'अ‍ॅन इन्फेमस आर्मी' (१९३७) विनोदी म्हणून सुचवू नका. ती थोर आहे, पण शेवटची लांबलचक प्रकरणं वॉटर्लूच्या लढाईची आहेत: तुकड्या, टेकड्या, तोफा, मृत्यू. इतिहासप्रेमी वाचकासाठी राखून ठेवा. आधी 'दीज ओल्ड शेड्स' (१९२६) आणि 'डेव्हिल्स कब' (१९३२) वाचलेल्या असतील तर जुनी माणसं भेटल्याचा आनंद वेगळा.

* * *

हेयरची 'द ग्रँड सोफी' (१९५०) हमखास सुचवली जाते. सोफी माकड, पोपट आणि कुत्रा घेऊन आत्याच्या घरी उतरते, तिथून धमाल सुरू. पण त्यात एका ज्यू सावकाराचं चित्रण अतिशय द्वेषमूलक आहे, आणि प्रेम सख्ख्या आतेभावाशी जुळतं. दोन्ही गोष्टी आधी सांगा. सावकाराचा प्रसंग मला आजही खुपतो, आणि 'तेव्हाचा काळच तसा' हे उत्तर १९५० सालच्या पुस्तकाला पुरत नाही.

* * *

प्रेमकादंबरीला नाक मुरडणाऱ्या रहस्यप्रेमींसाठी हेयरचीच 'द टॅलिस्मन रिंग' (१९३६). काळ १७९३. खून, तस्करी, हरवलेली अंगठी आणि दोन जोड्या. धाकटी जोडी नाटकी प्रेमात बुडालेली, तर थोरली शहाणी माणसं त्यांच्या भानगडी निस्तरताना एकमेकांकडे पाहून हसू दाबणारी. लांबीही आटोपशीर. सुट्टीच्या दोन दिवसांत सहज होते.