टू-व्हील ड्राइव्ह पिकअपला सस्पेन्शन लिफ्ट बसवावी का?

कलमबाग_संगमेश्वर:

नमस्कार. माझ्याकडे इसुझू डी-मॅक्स एस-कॅब आहे. पाच माणसांची केबिन, मागे हौदा आणि जोर फक्त मागच्या चाकांना. संगमेश्वर तालुक्यात आमची हापूसची आणि काजूची बाग असून डांबरी रस्ता सोडल्यावर बागेपर्यंत सुमारे 3 किलोमीटरची कच्ची वाट आहे. एप्रिल-मेमध्ये तीस-पस्तीस पेट्या घेऊन साखरपा आणि आंबा घाटातून कोल्हापूरला जावे लागते, आणि पावसाळ्यात त्याच वाटेने बहुधा रिकामा हौदा घेऊन खत, मजूर आणि अवजारे यांची ने-आण चालते.

अडचण अशी आहे की पावसाच्या पाण्याने वाटेत खोल चर पडले आहेत आणि एका ठिकाणी पऱ्या (छोटा ओढा) ओलांडल्यावर लगेच उभी घाटी चढावी लागते. तेथे गाडीचा खालचा भाग घासतो, आणि पाऊस लागल्यावर मागची चाके जागच्या जागी फिरतात. एका गॅरेजवाल्याने सस्पेन्शन लिफ्ट, म्हणजे चाकांवरची गाडी उंच करण्याचे काम, सुचवले आहे: पुढे स्प्रिंगवर चकत्या, मागे ॲक्सलवर ठोकळे आणि 245/75 आर 16 मापाचे मोठे टायर. गाडी दोन इंच उंच होईल आणि दोन्ही अडचणी सुटतील, असे त्याचे म्हणणे आहे. फोर-व्हील ड्राइव्ह गाडी घेणे मला सध्या शक्य नाही. ज्यांनी असे काम करून घेतले आहे किंवा जे असे काम करतात, त्यांनी मोकळेपणाने सांगावे, ही विनंती.

पाटे_आणि_बुश:

मी वीस वर्षांहून अधिक काळ पाट्यांचे (लीफ स्प्रिंगचे) काम करतो, त्यामुळे थोडे सविस्तर लिहितो. आपण सांगितलेल्या अडचणी दोन आहेत आणि त्यांची कारणे वेगळी आहेत. घासणे हा उंचीचा प्रश्न आहे, तर चाके फिरणे हा पकडीचा. लिफ्टमुळे पहिला प्रश्न काही अंशी सुटतो, पण दुसरा सुटत नाही, उलट काही वेळा वाढतो. तो कसा वाढतो, हे नीट समजून घ्यावे.

आपल्या गाडीच्या डिफ्रन्शियलला (मागच्या दोन चाकांत इंजिनाचा जोर वाटणाऱ्या गिअरपेटीला) लॉक नाही. ज्या चाकावरचा भार कमी होतो ते चाक मोकळे फिरू लागते आणि जमिनीवर घट्ट टेकलेल्या दुसऱ्या चाकालाही तेवढाच तुटपुंजा जोर मिळतो. चर ओलांडताना एक मागचे चाक खड्ड्यात उतरते, तेव्हा पाटे मऊ असतील तर ते खाली लोंबून जमिनीचा स्पर्श टिकवते. लिफ्टसाठी जास्तीचा पाटा घातला की मागची बाजू ताठ होते, आणि रिकाम्या हौद्याने तर ती मुळातच ताठ असते. मग चाक खाली उतरण्याऐवजी अधांतरी राहते आणि गाडी तेथेच अडकते. फोर-व्हील ड्राइव्हमध्ये अशा वेळी पुढची चाके गाडी ओढून घेतात. आपल्याकडे तो आधार नाही.

पुढच्या बाजूलाही असेच आहे. डी-मॅक्सला पुढे डबल विशबोन (प्रत्येक चाकाला वर-खाली दोन आर्म) आणि कॉइल स्प्रिंग आहेत. स्ट्रटच्या (स्प्रिंग आणि शॉक ॲब्झॉर्बर यांच्या जोडाच्या) वरच्या टोकाला चकती घातली की तिच्या जाडीच्या जवळपास दुप्पट उंची चाकापाशी मिळते, म्हणून पंचवीस मिलिमीटरची चकतीही किरकोळ समजू नये. गाडी वर उचलली जाते, पण आर्म आणि बॉल जॉइंट खाली झुकण्याची मूळ मर्यादा तीच राहते; म्हणजे त्यांचा खाली उतरण्याचा प्रवास उंचीत खर्च होतो. वरचा आर्म आणि बॉल जॉइंट टोकाच्या कोनात काम करू लागतात आणि कॅम्बर-कॅस्टर (पुढच्या चाकांच्या कलाचे कोन) बिघडतात. काम झाल्यावर अलाइनमेंट करून कोन कंपनीच्या मर्यादेत येत नसतील, तर स्टीअरिंग सैल वाटते आणि टायर एका कडेने झिजतात. पुढच्या चाकांना ड्राइव्ह शाफ्ट नसल्याने त्यांचे सांधे तुटण्याची भीती मात्र आपल्याला नाही, आणि टू-व्हील ड्राइव्ह उंच करण्यातला हा एकच खरा फायदा मला दिसतो.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे मागचा ॲक्सल एकसंध असल्याने गाडी कितीही उचलली तरी डिफ्रन्शियलचा तळ जमिनीपासून होता तेवढ्याच अंतरावर राहतो. तो वर येतो फक्त मोठ्या टायरने, आणि तोही व्यासातील वाढीच्या निम्माच. आपले 205 आर 16 टायर सुमारे 740 मिलिमीटर व्यासाचे आहेत, तर सुचवलेले 245/75 आर 16 सुमारे 774 मिलिमीटरचे. म्हणजे डिफ्रन्शियल फक्त 17 मिलिमीटर वर येईल. त्याबदल्यात सर्व गिअर साडेचार टक्क्यांनी लांब होतील, आणि अडीच लिटरच्या 78 पीएस इंजिनाला भरल्या गाडीने आंबा घाट चढताना ते जाणवेल. एवढा रुंद टायर आपल्या रिमवर नीट बसतो का, हेही आधी तपासावे लागेल.

तेव्हा गाडी रिकामी असताना सपाट फरशीवर उभी करा आणि चारही चाकांच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचे अंतर मोजा. नंतर खाली वाकून कोणत्या भागावर घासल्याच्या खुणा आहेत ते पाहा. त्याशिवाय एक रुपयाही खर्च करू नका.

घाटवाट:

मी वेगळ्या कंपनीच्या टू-व्हील ड्राइव्ह पिकअपला अडीच इंचांची लिफ्ट बसवली होती आणि दीड वर्षाने काढून टाकली, म्हणून अनुभव लिहीत आहे. मागे ॲक्सल आणि पाटे यांच्यामध्ये ठोकळे घालून लांब यू-बोल्ट लावले होते. पहिल्या पंधरा दिवसांत यू-बोल्ट पुन्हा आवळून घ्यायला हवे होते. ते गॅरेजवाल्याने मला सांगितले नाही. भरलेल्या गाडीने चढावर क्लच सोडला की ॲक्सल स्वतःभोवती किंचित वळल्यासारखा होई आणि मागच्या ॲक्सलला जोर नेणाऱ्या प्रोपेलर शाफ्टमध्ये धक्का बसे. काही महिन्यांतच त्या शाफ्टचा सांधा (क्रॉस) गेला.

त्याहून गंभीर गोष्ट ब्रेकची होती. माझ्या गाडीत भारानुसार मागच्या ब्रेकचा दाब ठरवणारा व्हॉल्व्ह होता आणि त्याची दांडी ॲक्सलला जोडलेली होती. हौद्यात माल भरला की चौकट ॲक्सलजवळ येते, त्यावरून गाडी भरलेली आहे असे त्या व्हॉल्व्हला कळते. ठोकळ्यांमुळे हे अंतर कायमचे वाढले, म्हणून गाडी भरलेली असतानाही व्हॉल्व्ह ती रिकामी समजत राहिला आणि मागच्या चाकांना ब्रेक कमी मिळत राहिला. घाट उतरताना गाडी थांबायला जास्त अंतर लागते हे मला जाणवत होते, पण कारण दुसऱ्या मेकॅनिकने दाखवेपर्यंत समजले नाही. एवढे दिवस मी घरच्या माणसांना त्याच गाडीतून नेत होतो, हे आठवले की आजही अस्वस्थ व्हायला होते. आपल्या गाडीला असा व्हॉल्व्ह असेल तर लिफ्टनंतर त्याची दांडी जुळवून घेतल्याशिवाय गाडी गॅरेजबाहेर काढू नका.

हेडलाइटही वर पाहू लागतात आणि समोरच्याचे डोळे दिपतात. तेही लगेच खाली जुळवून घ्यावे लागतात.

टक्सन_निवासी:

मी अमेरिकेत ॲरिझोना राज्यात राहतो आणि येथे टू-व्हील ड्राइव्ह पिकअप उंच ठेवण्याची जुनी रीत आहे. टोयोटाने 1998 पासून टकोमा या पिकअपची प्रीरनर ही आवृत्ती विकली. तिची उंची आणि ठेवण फोर-व्हील ड्राइव्हसारखी होती, पण जोर मागच्याच चाकांना होता. मेक्सिकोतील बाहा येथील वाळवंटी शर्यतींपूर्वी मार्गाची पाहणी करण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या गाड्यांवरून तिचे नाव आले. माझ्याकडे ती बरीच वर्षे होती आणि कोरड्या, दगडगोट्यांच्या वाटांवर तिने मला कधीही निराश केले नाही.

तरीही मी आपल्याला लिफ्टचा सल्ला देणार नाही, आणि त्याची दोन कारणे आहेत. त्या गाडीची उंची कंपनीनेच स्प्रिंग, शॉक ॲब्झॉर्बर आणि आर्म यांचा एकत्र विचार करून ठरवली होती. दुसरे म्हणजे येथील जमीन बहुतेक काळ कोरडी असते, त्यामुळे अडथळा उंचीचा असतो, पकडीचा क्वचितच. माझे बालपण राजापूर तालुक्यात गेले आहे. जुलैमधल्या जांभ्याच्या मातीवर पायसुद्धा ठरत नाही, मग रिकाम्या हौद्याची हलकी मागची चाके कशी ठरतील?

आपल्या जागी मी असतो तर चांगले ऑल-टेरेन (कच्च्या वाटेवरही पकड देणारे) टायर मूळ मापातच घेतले असते आणि पावसाळ्यात मागच्या ॲक्सलच्या बरोबर वर एकूण दीडशे-दोनशे किलो वाळूची पोती घट्ट बांधून ठेवली असती. चिखलाच्या टप्प्यापुरती रिकाम्या गाडीची हवा 35 वरून 25 पीएसआयपर्यंत उतरवावी, आणि डांबरीवर येताच छोट्या कंप्रेसरने पुन्हा भरावी. जांभ्याच्या धारदार कडा टायरची बाजू कापतात, म्हणून याहून खाली जाऊ नये.

कागदपत्रे_आधी:

कायद्याची बाजू कोणी मांडलेली नाही, म्हणून थोडक्यात लिहितो. मोटार वाहन अधिनियम, 1988 च्या कलम 52 नुसार उत्पादकाने ठरवलेल्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा बदल वाहनात करता येत नाही, आणि जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तीच भूमिका स्पष्ट केली आहे. 2019 च्या दुरुस्तीने आलेल्या कलम 182अ नुसार परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलासाठी मालकाला 5000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकते. मालवाहू नोंदणी असेल तर फिटनेस तपासणीतही हा प्रश्न उभा राहील. अपघात झाल्यास विमा कंपनी याच बदलाकडे बोट दाखवू शकते, म्हणून काहीही करण्यापूर्वी परिवहन कार्यालय आणि विमा कंपनी या दोघांनाही लेखी विचारावे.

कलमबाग_संगमेश्वर:

सर्वांचे मनापासून आभार. काल गाडी रिकामी करून मंदिरापुढच्या फरशीवर उभी केली आणि मापे घेतली. पुढची दोन्ही अंतरे सारखी आहेत, पण मागे उजवी बाजू डावीपेक्षा 22 मिलिमीटरने खाली आहे. घासल्याच्या खुणा हौद्याखाली लटकवलेल्या स्टेपनीच्या कडेवर आणि मागे मी नंतर लावून घेतलेल्या हुकावर आहेत. डिफ्रन्शियलच्या तळावर एकच जुनी खूण आहे. चौकटीच्या मध्यभागी काहीच नाही.

पाटे_आणि_बुश:

मग उत्तर आपल्या हातातच आहे. उजव्या बाजूचे पाटे बसले आहेत. दोन्ही बाजूंचे पाटे एकदम उतरवून तुटलेला किंवा चिरलेला पाटा बदला, बुश आणि सेंटर बोल्ट नवे घाला, आणि बाकीच्यांना मूळची कमान देऊन घ्या. एकाच बाजूचे काम करू नका. ही दुरुस्ती आहे, बदल नव्हे, त्यामुळे कलम 52 चा प्रश्न येत नाही. हुक काढून टाका आणि पावसाळ्यापुरती स्टेपनी हौद्यात बांधा. पऱ्यातून बाहेर पडताना शेपूट टेकते ते या दोन वस्तूंमुळेच. दोन इंचांच्या लिफ्टने चाकांमधल्या पोटाखालचा कोन साडेतीन-पावणेचार अंशांनी वाढला असता, पण 3095 मिलिमीटरच्या व्हीलबेसवरही आपले पोट कोठे टेकतच नाही, तर त्यासाठी पैसे कशाला घालवायचे?

उरलेला खर्च वाटेवर करा. पऱ्यापलीकडच्या घाटीच्या पहिल्या तीस-चाळीस फुटांत दोन्ही चाकोऱ्यांमध्ये फुटक्या चिऱ्यांचे सोलिंग (दगडांचा थर) दाबून बसवा, आणि त्याच्या वरच्या टोकाला पाणी बाजूला काढणारा तिरका चर घ्या. काम मे महिन्याच्या मध्यापर्यंत उरका, म्हणजे पहिल्या पावसाआधी भरलेली गाडी चार-सहा वेळा त्यावरून जाऊन दगड बसतील.