रीडओन्ली लावलं आणि लूप संपेचना

प्रश्न:
सी शार्प या प्रोग्रॅमिंग भाषेतला छोटासा क्लास आहे. कन्स्ट्रक्टरमध्ये लिस्टचा एन्युमरेटर (लिस्टमधला एकेक घटक क्रमाने देणारा) घेऊन एका फील्डमध्ये ठेवतो. पुढे व्हाइल लूप: मूव्हनेक्स्ट ट्रू देतंय तोवर करंट छापायचा. लिस्टमध्ये १०, २०, ३०. सगळं सुरळीत होतं. रिव्ह्यूमध्ये सुचवलं गेलं की फील्डला परत काही असाइन होत नाही, मग रीडओन्ली करा. केलं, तर आता नुसती शून्यं छापली जातायत आणि थांबायचं नाव नाही. एरर नाही, वॉर्निंगही नाही. रीडओन्ली काढलं की पुन्हा ठीक. असं का?

उत्तर:
फील्डचा टाइप लिस्टचा स्वतःचा एन्युमरेटर असा लिहिलाय ना? तो क्लास नाही, स्ट्रक्ट आहे, म्हणजे दुसरीकडे देताना ज्याची अख्खी कॉपी होते असा टाइप. प्रत्येक फॉरईचला हीपवर ऑब्जेक्ट बनू नये म्हणून तो तसा ठेवलाय. आपण कुठवर आलो तो इंडेक्स त्याच्या पोटातच असतो आणि मूव्हनेक्स्ट तोच वाढवतं.

रीडओन्ली फील्डमधला स्ट्रक्ट बदलू द्यायचा नाही, म्हणून कंपायलर मेथड बोलावण्याआधी गुपचूप त्याची कॉपी काढतो. इंडेक्स वाढतो तो कॉपीचा. ती ट्रू सांगते आणि टाकून दिली जाते. मूळ एन्युमरेटर सुरुवातीलाच उभा, त्याचा करंट शून्य. पुढच्या फेरीत पुन्हा तेच.

रीडओन्ली काढा. किंवा फील्डचा टाइप आयएन्युमरेटर इंटरफेस करा: स्ट्रक्ट एकदाच बॉक्स होईल (हीपवरच्या ऑब्जेक्टमध्ये ठेवला जाईल) आणि सगळे कॉल त्याच बॉक्सवर जातील. साधा फॉरईच पुरत असेल तर एन्युमरेटर फील्डमध्ये ठेवूच नका.

प्रश्नकर्ता:
कळलं, आभार. आमच्याकडे बिंदूंचे स्ट्रक्ट लिस्टमध्ये आहेत, त्यांची 'सरकव' मेथड लूपमध्ये बोलावतो. तिथेही हाच धोका?

उत्तर:
हो, आणि तिथे तो जास्त छळतो. लिस्टचा इंडेक्सर (चौकटी कंसात क्रमांक देऊन घटक मागणं) व्हॅल्यू परत देतो, म्हणजे कॉपी. थेट फील्ड बदलायला गेलात तर सीएस१६१२ ही एरर येते, फॉरईचमध्ये सीएस१६५४. पण तोच बदल मेथडमधून केलात की कंपाइल होतं आणि लिस्टमधला बिंदू जागचा हलत नाही. ॲरेचं तसं नाही, तिथे इंडेक्स लावला की खरा एलिमेंट हाती येतो. त्यामुळे कुणी ॲरेची लिस्ट केली की एकही ओळ लाल न होता प्रोग्रॅम बिघडतो. मला हे फार खटकतं.

लिस्ट ठेवायचीच असेल तर बिंदू बाहेर काढा, बदला, परत ठेवा. डॉटनेट ५ पासून कलेक्शन्समार्शलच्या ॲजस्पॅनने थेट लिस्टच्या मेमरीवर रेफ (कॉपी नव्हे, मूळ घटकाचा संदर्भ) घेऊन फिरता येतं, मात्र तेवढ्या वेळात लिस्टमध्ये काही घालू-काढू नका.

माझं ठाम मत विचाराल तर सी शार्प ७.२ पासूनचा रीडओन्ली स्ट्रक्ट वापरा आणि 'सरकव'ने नवा बिंदू परत द्यावा. मग मेथडमध्ये फील्ड बदलायचा प्रयत्न कंपायलरच अडवेल.

आणखी एक उत्तर:
गो ही भाषा वापरणाऱ्यांसाठी: रेंज लूपमधला दुसरा व्हेरिएबलही कॉपीच असतो. स्लाइसमधला स्ट्रक्ट बदलायचा तर इंडेक्सनेच जा.