विषय: नागपुरात घरून डबे सुरू करताना नोंदणी आणि स्वयंपाकघराचे नियम

सर्व सभासदांस स. न. वि. वि.

23 वर्षे ब्रिटनमध्ये काढून आम्ही मागच्या दिवाळीत नागपूरला कायमचे परतलो, तरी तिथल्या मराठी मंडळाच्या यादीतून नाव काढले नाही, कारण अडचणीच्या वेळी पहिला आधार अजून इथलाच वाटतो. तिकडे मी घरून फराळ विकत असे. काम सुरू करण्याच्या 28 दिवस आधी कौन्सिलकडे, म्हणजे तिथल्या स्थानिक प्रशासनाकडे, विनाशुल्क नोंदणी केली होती, पुढे अधिकारी घरी येऊन फ्रीजचे तापमान, हात धुण्याची सोय आणि माझी रोजची नोंदवही पाहून गेले, आणि 0 ते 5 या श्रेणीत त्यांनी 5 दिले.

आता बजाजनगरात आमच्या आसपास बाहेरगावाहून शिकायला आलेली मुले-मुली पुष्कळ आहेत. त्यांच्यासाठी दुपारचे 15-20 डबे करावेत आणि जोडीला लोणची व सांबारवडी (कोथिंबिरीची वडी) विकावी, असा विचार आहे. शेजारी म्हणतात, घरच्या स्वयंपाकाला कसला आला परवाना. जाऊबाई म्हणतात, दंड होईल. यात खरे काय आणि सुरुवात कुठून करावी, हे परतलेल्यांपैकी कोणी अनुभवाने सांगू शकेल का?

एक सभासद, बजाजनगर

*

ताई, सप्रेम नमस्कार.

जाऊबाईंचे म्हणणे बरोबर आहे. अन्नसुरक्षा व मानके कायदा 2006 चा असून त्यातली अन्नव्यवसायाची व्याख्या फार रुंद आहे. नफा असो वा नसो, अन्न तयार करणे, साठवणे, पोचवणे, विकणे हे सगळे तिच्यात येते, आणि घर व दुकान असा भेद ती करत नाही. कलम 31 लहान उत्पादकांना परवान्यातून सूट देते, नोंदणीतून नव्हे. 2011 च्या विनियमांनी वर्षाला 12 लाख रुपयांपर्यंत उलाढाल असलेल्यांना लहान धरले होते. अशा मर्यादा आणि शुल्के बदलत असतात, म्हणून अर्जाच्या दिवशी फॉस्कॉस या सरकारी संकेतस्थळावर जे असेल तेच प्रमाण मानावे. मी 2021 मध्ये 5 वर्षांची नोंदणी घेतली तेव्हा वर्षाला 100 रुपयांप्रमाणे 500 रुपये भरले. एका मध्यस्थाने याच कामाचे 3,000 मागितले होते, म्हणून अर्ज स्वतःच भरावा असे मी आग्रहाने सांगते. डब्यांसाठी घरगुती कॅन्टीन व डबेवाले असा प्रकार तिथे आहे. बरणीबंद लोणची हे उत्पादन ठरते, त्यामुळे दोन्ही करायचे असल्यास दोन्ही नमूद करावे. मिळणारा 14 अंकी क्रमांक 1 जानेवारी 2022 पासून बिलावरही द्यावा लागतो. शंका उरली, तर अन्न व औषध प्रशासनाच्या नागपूर कार्यालयात विचारता येते.

कागदांबद्दल एवढे पुरे. मला खरे लिहायचे आहे ते भाताबद्दल.

2022 च्या मे महिन्यात एके दिवशी मी 18 डब्यांत वडाभात दिला. भात सकाळी 7 वाजता शिजवून पातेल्यात झाकून ठेवला होता, डबे 10 वाजता भरले, आणि मुलांनी ते दोन-अडीचला खाल्ले. संध्याकाळपर्यंत तिघांना उलट्या सुरू झाल्या आणि एका मुलीला सलाइन लावावे लागले. तिच्या आईचा यवतमाळहून फोन आला तेव्हा माझ्या तोंडून शब्द फुटेना. भाताला वास नव्हता, चव बिघडलेली नव्हती, माझे स्वयंपाकघर लख्ख होते. डॉक्टरांचा संशय तरीही भातावरच होता, आणि त्यांनी सांगितलेले मी आजवर विसरले नाही: बॅसिलस सीरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू कच्च्या तांदळात असू शकतात, ते शिजवण्याने मरत नाहीत, भात कोमट राहिला की त्यांतून जिवाणू वाढतात, आणि त्यांनी एकदा विष तयार केले की भात पुन्हा गरम करूनही ते जात नाही.

5 ते 60 अंश सेल्सियस हा अन्नासाठी धोक्याचा पट्टा मानतात. बाहेर 45 अंश असताना भरलेला डबा तासन्तास त्या पट्ट्यातच बसून राहतो. ब्रिटनच्या थंड हवेने तुम्हाला जी सवलत दिली ती इथे मार्च ते जून अजिबात नाही, हे पहिल्या दिवसापासून मनात धरावे.

तेव्हापासून मी भात साडेदहाच्या आधी चढवत नाही, सुईचा थर्मामीटर खुपसून 60 च्या वर असतानाच उष्णता धरणाऱ्या डब्यात भरते, सव्वाबारापर्यंत डबे पोचवते आणि झाकणावर ‘1 वाजेपर्यंत खावे’ अशी चिठ्ठी लावते. जे दुसऱ्या दिवसासाठी ठेवायचे ते परातीत पातळ पसरून 2 तासांच्या आत फ्रीजमध्ये जाते. आपल्याकडे भात कूलरसमोर निववायची सवय असते, ती मात्र सोडावी. कूलर धूळ आणि टाकीतले पाणी दोन्ही अन्नावर उडवतो. उरलेला भात डब्यात कधीच नाही.

विनियमांच्या चौथ्या अनुसूचीत स्वच्छतेचे नियम आहेत: पिण्यायोग्य पाणी, झाकलेली साठवण, कापलेली नखे, डोक्याला रुमाल, आणि आजारी माणसाने अन्नाला हात न लावणे. यातले शेवटचे सर्वात कठीण, कारण ताप आला म्हणून 18 मुलांना उपाशी कसे ठेवायचे हा प्रश्न उभा राहतो. मी जवळच्या दुसऱ्या डबेवालीशी बोलून ठेवले आहे. माझे दुखणे तिने निभवायचे, तिचे मी. परवानाधारकांकडे काम करणाऱ्यांना वर्षातून एकदा वैद्यकीय तपासणी आणि विषमज्वरासारख्या रोगांवरील लस लागते. मी केवळ नोंदणीवर असूनही माझी आणि मदतीला येणाऱ्या मावशींची तपासणी करून घेते, आणि तो खर्च मावशींच्या पगारातून कापत नाही.

सांबारवडीच्या तळणीचे तेल पुन्हा पुन्हा वापरू नये (वारंवार तापवल्याने तेलात साठणाऱ्या ध्रुवीय संयुगांची मर्यादा 25 टक्के आहे, पण घरी ते मोजता येत नाही), आणि वडी वर्तमानपत्रावर निथळू नये, कारण त्याची शाई तेलात उतरते.

आपली, प्रतापनगर

*

दोघींनाही नमस्कार. लोणच्याच्या बरणीवर काय लिहावे लागेल? आणि इकडे लंडनला आम्हाला पाठवता येईल का?

एक सभासद, लंडन

*

ताई, वेष्टनावर पदार्थाचे नाव, घटक उतरत्या क्रमाने, निव्वळ वजन, उत्पादनाची व वापराची अंतिम तारीख, बॅच क्रमांक, पत्ता, नोंदणी क्रमांक आणि चौकोनातील हिरवा ठिपका हे मुख्य तपशील हवेत. मोहरी, शेंगदाणे, तीळ यांपैकी जे असेल ते ठळक लिहावे. मजकूर इंग्रजीत किंवा देवनागरी हिंदीत असावा लागतो. मराठी त्याच्या जोडीला देता येते, आणि ती द्यावीच.

लंडनला विक्रीसाठी पाठवणे म्हणजे निर्यात, तिला आयात-निर्यात संकेतांक लागतो. त्यात आत्ताच पडू नये. भेट म्हणून पाठवतानाही दुधाचे आणि मांसाचे पदार्थ टपालाने ब्रिटनमध्ये नेता येत नाहीत, त्यामुळे खव्याची संत्रा बर्फी तिथेच अडेल.

बजाजनगरच्या ताईंनी अर्ज भरण्यापूर्वी एक दिवस माझ्याकडे यावे. मी 11 वाजता डबे भरायला घेते. थर्मामीटर कुठे आणि किती खोल खुपसायचा ते समोर पाहिल्याने कळेल.

आपली, प्रतापनगर