दृक्प्रत्ययवाद ही शैली की नुसती टोळी?

रंगपेटी: भाचीच्या कलेतिहासाच्या नोट्स चाळत होतो. दृक्प्रत्ययवादाची, म्हणजे इम्प्रेशनिझमची, लक्षणं म्हणे अशी: उघड्यावर बसून रंगवणं, तुटक फटकारे, काळ्या रंगाला फाटा, क्षणाचा प्रकाश. आता यात देगा या चित्रकाराला बसवून दाखवा. १८७४ ते १८८६ मध्ये या मंडळींनी भरवलेल्या आठ प्रदर्शनांपैकी सातांत तो होता. पण गडी काम करणार स्टुडिओत, बाहेर बसून रंगवणाऱ्यांची टर उडवणार, रेषेवर जीव टाकणार, काळा बिनधास्त वापरणार. 'इम्प्रेशनिस्ट' म्हटलेलंही त्याला खपत नसे. एदुआर माने (मोने नव्हे, तो वेगळा) मात्र एकाही प्रदर्शनात नव्हता, तरी पुस्तकांत पहिला मान त्याचा! ही शैली नव्हतीच. पॅरिसच्या सालोंच्या, म्हणजे तिथल्या अधिकृत कलाप्रदर्शनाच्या, परीक्षकांना कंटाळलेल्यांनी मिळून मांडलेलं दुकान होतं. पहिलं प्रदर्शन भरलं तेही नादार या छायाचित्रकाराच्या जुन्या स्टुडिओत.

सांजसावली: दुकान म्हणून मोकळे झालात! मोनेचं 'इम्प्रेशन, सूर्योदय' (१८७२) मोबाइलवर उघडा. याच चित्राच्या नावावरून लरुआ या टीकाकाराने सगळ्यांची खिल्ली उडवली होती. आता ते कृष्णधवल करा. ल आव्रच्या बंदरावरचा तो केशरी सूर्य जवळपास नाहीसा होतो, कारण त्याची उजळी भोवतालच्या करड्या धुक्याइतकीच आहे. तो चमकतो तो फक्त रंगाच्या विरोधावर. हे दुकानदारीतून येत नाही, बघण्याच्या नव्या सवयीतून येतं. देगा अपवाद असेल तर असू दे. एका देगापायी मोने, पिसारो, सिस्ले यांच्यातलं साम्य दिसेनासं होतं का?

टर्पेंटाइन: दोघेही रंगाची ट्यूब विसरलात. १८४१ मध्ये रँड या अमेरिकन चित्रकाराने कथलाच्या ट्यूबचं पेटंट घेतलं. त्याआधी तयार तैलरंग डुकराच्या मूत्राशयाच्या पिशवीत बांधून मिळायचा; टाचणीने भोक पाडायचं आणि पिळायचं. तसलं लटांबर घेऊन शेताच्या बांधावर जाऊन दाखवा.

रंगपेटी: ट्यूब मान्य, पण ती सालोंवाल्यांनाही मिळत होतीच की. सांजसावली, तुमच्या मोनेचंच घ्या. रुआँ शहरातल्या कॅथेड्रलची तीसेक चित्रं १८९२ मध्ये समोरच्या खिडक्यांतून सुरू केली आणि पुढे जिव्हर्नीतल्या घरच्या स्टुडिओत बसून पुरी केली. त्यांवर साल घातलंय १८९४. क्षण पकडायला दोन वर्षं? आणि १८८६ च्या शेवटच्या प्रदर्शनात सोरा या चित्रकाराचं ठिपक्याठिपक्यांचं 'ग्रांद जात' टांगलेलं, तर मोने, रेन्वार गैरहजर.

सांजसावली: म्हणजे तोवर टोळीही फुटली होती, मग तुमच्या व्याख्येत उरलं काय? उलट रेन्वारचं 'छत्र्या' पाहा. उजवीकडची मुलं आणि बाई मऊ, पिसासारख्या फटकाऱ्यांत. डावीकडची टोपलीवाली चारेक वर्षांनी रंगवलेली, कडा कोरल्यासारख्या. एकाच कॅनव्हासवर माणूस शैली सोडताना दिसतो. जी नव्हतीच ती सोडली कशी?

रंगपेटी: 'छत्र्या'ला उत्तर नाही माझ्याकडे. पण मग रेन्वारची शैली म्हणा, सगळ्यांचा मिळून 'वाद' कशाला म्हणता? आणि देगाचं काय ते अजून कोणी सांगितलेलं नाही.

टर्पेंटाइन: भाचीची परीक्षा कधी आहे? तिला सध्या नोट्सच पाठ करू द्या.