मदत हवी आहे: नाथसागरात पहाटेच्या धुईत होडी थडीला सुरक्षित कशी आणावी?

थडीवरचा:

रामराम मंडळी. पैठण तालुका, नाथसागराची (जायकवाडी धरणाच्या जलाशयाची) उत्तर थडी. होडी फायबरची, १६ फुटी, वल्ह्याची. मोटार नाही. होडीत दोघं असतात. जाळं संध्याकाळी लावायचं आणि पहाटे पाचला काढायला निघायचं, कारण व्यापाऱ्याची गाडी आठला थडीवर येते. जाळं थडीपासून साधारण दीड किलोमीटर आत, दक्षिणेला. वाटेत बुडालेल्या बाभळींचे खुंट आहेत. उगवतीच्या अंगाला उपसा मोटारींचे पाइप आणि केबल पाण्यात आहेत.

डिसेंबर-जानेवारीत निघताना चांदण्या दिसतात, आणि जाळं अर्धं निघेस्तोवर अशी धुई उतरते की वल्ह्याचं पातं दिसत नाही. मग थडी कोणत्या अंगाला, हेच कळत नाही.

जाणकारांनी सांगावं: थांबावं की निघावं? होकायंत्र घ्यावं की मोबाईलवर भागतं? मोठा फोकस घेतला तर उपयोग होईल का? आणि समोरून दुसरी होडी आली तर काय करावं?

गोदेचा_भोई:

भाऊ, जाळ्यापाशी असताना धुई उतरली तर जाळं सोडून निघू नका. त्या पाण्यात तुम्हाला पक्की ठाऊक असलेली जागा तेवढी एकच आहे. जाळ्याच्या टोकाला जो दगड किंवा नांगर सोडलाय, त्याच्या दोराला होडीचं पुढचं टोक बांधा आणि उजेड होऊन थडी दिसेपर्यंत बसून राहा. मधल्या भेंडांना, म्हणजे जाळं तरंगतं ठेवणाऱ्या तुकड्यांना, बांधू नका. होडीच्या ओढीनं जाळं गोळा होतं, दगड सरकतो आणि कळायच्या आत तुम्ही जाळ्यासकट वाहत जाता. होडीच्या कुशीला दोर बांधू नका, आडवी लाट सरळ आत येते.

दगड सरकतोय का, हे बघायला एका सुतळीला पावशेर वजन बांधून तळाला सोडा. सुतळी उभी राहिली तर होडी जागेवर आहे. तिरकी होत चालली तर होडी सरकतेय. मग जास्त दोर सोडा. पाणी ६ मीटर खोल असेल तर दोर २० ते २५ मीटर हवा. आखूड दोरानं दगड वर उचलला जातो आणि गाळात धरत नाही.

जाळं पूर्व-पश्चिम लावत असाल तर भेंडांची रांग हीच तुमची दिशा असते. उगवतीच्या टोकाला दोन डबे बांधा आणि मावळतीच्या टोकाला एक. रंगाची चिंधी अंधारात दिसत नाही, डबे हाताला कळतात.

विहिरीकाठ:

दादा, बाजारात १२ व्होल्टचा मोठा एलईडी फोकस मिळतो. तो पुढच्या टोकाला बसवून टाका, लांबवर दिसेल.

होकायंत्र_हाती:

विहिरीकाठ भाऊ, धुईत हे उलटं पडतं. धुई म्हणजे हवेत तरंगणारे पाण्याचे बारीक थेंब. झोत जितका जोरदार, तितका पांढरा उजेड त्या थेंबांवरून परत डोळ्यांवर येतो आणि समोर भिंत उभी राहिल्यासारखं होतं. डोक्याला बांधायची बॅटरी तर सगळ्यात वाईट, कारण झोत आणि नजर एकाच रेषेत येतात. बॅटरी कमरेच्या खाली, होडीच्या काठाबाहेर धरा आणि झोत पाण्याला टेकेल असा तिरका ठेवा. त्यात ५-७ मीटरवरचा खुंट दिसतो, त्याहून जास्त अपेक्षा करू नका. दुसऱ्याला आपली होडी दिसावी म्हणून वेगळा, साधा पांढरा दिवा माणसाच्या डोक्याहून वर, बांबूवर, चहूकडून दिसेल असा लावा. दिव्याखाली पत्र्याची झाकणी ठेवली म्हणजे उजेड आपल्याच डोळ्यांत येत नाही.

आता होकायंत्र. ते घ्याच, आणि तेल भरलेलं घ्या. कोरडी सुई होडीच्या हलण्यानं नाचत राहते. मधल्या फळीवर, होडीच्या मधल्या रेषेत पक्कं बसवा. लोखंडी नांगर, कोयता, बॅटरीचा डबा, चुंबकाचा स्पीकर असलेला मोबाईल, हे सगळं त्यापासून किमान एक मीटर लांब हवं. होकायंत्र बिघडलं म्हणून बरेच जण बोलतात, आणि बघायला गेलं तर शेजारी कोयता पडलेला असतो. स्वच्छ दिवशी, होडीत रोजचं सगळं सामान भरून, थडीवरून एखाद्या ओळखीच्या टाकीकडं किंवा मनोऱ्याकडं टोक धरा आणि आकडा तपासा. आपल्या भागात होकायंत्राची उत्तर आणि खरी उत्तर यांत फरक जवळजवळ नाहीच, तो हिशेब करायची गरज नाही.

जाताना अंश लिहून ठेवायचे. समजा थडीवरून जाळ्याकडं २०० अंश. परतीचे २००-१८०, म्हणजे २०. पण बरोबर २० धरून येऊ नका. ५ अंशांची चूक दोन किलोमीटरमागं पावणेदोनशे मीटर बाजूला नेते. मग थडी लागली तरी आपली जागा डावीकडं राहिली की उजवीकडं, हे कळत नाही. म्हणून मुद्दाम १० अंश एका बाजूला धरा. तुमच्या इथं पाइप उगवतीला आहेत, म्हणून मावळतीकडं, म्हणजे १० अंश धरून या. दीड किलोमीटरमागं साधारण २६५ मीटर मावळतीला थडी लागेल. मग उजवीकडं वळा, थडी डाव्या हाताला ठेवा आणि कडेकडेनं जा. आता शंका उरत नाही, जागा पुढंच आहे. फक्त तो मावळतीचा २६५ मीटरचा पट्टा दिवसा बघून ठेवा, तिथं खुंट असतील तर अंतर कमी-जास्त करा.

वेळही मोजायची. स्वच्छ दिवशी निवांत वल्हवत जाळ्यापासून थडीपर्यंत किती मिनिटं आणि वल्ह्याचे किती हात लागतात, हे दोन-तीनदा मोजा. ताशी ३ किलोमीटरनं ३० मिनिटं होतात. धुईत ४० मिनिटं झाली आणि थडी आली नाही, तर पुढं जात राहायचं नाही. थांबा, नांगर टाका.

पाणकोंबडी:

वल्ह्याच्या होडीला एक जास्तीची अडचण आहे. दोन्ही हातांची ताकद सारखी नसते. उजवा हात जोराचा असेल तर होडी हळूहळू डावीकडं वळते, आणि माणसाला मात्र आपण सरळच चाललोय असं वाटतं. होकायंत्रावर नजर एकानं ठेवायची, वल्हं दुसऱ्यानं मारायचं. दोन्ही कामं एकट्यानं होत नाहीत.

आणखी एक सोपा उपाय. मागच्या टोकाला १०-१२ मीटर दोरी बांधून तिच्या शेवटाला थर्माकोलचा पांढरा तुकडा सोडा. होडी सरळ चालली तर दोरी मागं सरळ येते. वळायला लागली की दोरी एका अंगाला वाकते, आणि हे होकायंत्राकडं बघायच्या आधी दिसतं. खुंटांच्या पट्ट्यात शिरायच्या आधी दोरी आत ओढून घ्या, नाहीतर अडकेल.

हातात तीन मीटरचा बांबू ठेवा. पाच-पाच मिनिटांनी तळ चाचपायचा. बांबू टेकू लागला आणि पाणी कमी होत गेलं तर थडीकडं चाललात. बराच वेळ टेकलाच नाही तर तुम्ही जुन्या गोदावरीच्या पात्राकडं, म्हणजे खोलीकडं चाललाय. पुढच्यानं हाच बांबू समोर धरला तर खुंटही आधी बांबूला लागतो, होडीला नाही.

थडीवरचा:

ताई, मोबाईलचं काय? नेटवर्क तर मध्येच जातं.

होकायंत्र_हाती:

नेटवर्कचा आणि जागा दाखवण्याचा संबंध नाही. जागा उपग्रहावरून कळते. नकाशा मात्र घरी, इंटरनेट असताना उतरवून ठेवावा लागतो. स्वच्छ दिवशी जाता-येता वाटेची नोंद चालू ठेवा आणि ठिकाणं जपून ठेवा: होडी लावायची जागा, जाळ्याची दोन्ही टोकं, खुंटांच्या पट्ट्याची सुरुवात आणि शेवट, पाइप. धुईत त्याच रेघेवरून परत यायचं.

दोन ठिकाणी फसगत होते. एक, होडी थांबलेली असताना पडद्यावरचा बाण कुठंही फिरतो. १०-१५ मीटर पुढं जा, मागं उमटलेली रेघ बघा, ती खरी. दुसरं, नकाशावरची थडी म्हणजे आजची थडी नव्हे. नाथसागर पूर्ण भरतो तेव्हा पाण्याची पातळी समुद्रसपाटीपासून १५२२ फूट असते. रब्बीची आवर्तनं, म्हणजे शेतीसाठी कालव्यात सोडायचं पाणी, सुटली की पाणी मागं सरतं, आणि आपल्या सपाट जमिनीत थोडं पाणी उतरलं तरी थडी लांब जाते. नकाशात जिथं पाणी दिसतं तिथं जानेवारीत चिखल आणि उघडे पडलेले खुंट असतात. म्हणून होडी लावायची जागा दर पंधरा दिवसांनी नव्यानं नोंदवा.

ओल्या बोटांनी पडदा चालत नाही, दवानं तर नाहीच. पाणी न शिरणारी पिशवी, गळ्यात दोरी, सोबत पॉवर बँक. मोबाईल आणि होकायंत्र दोन्ही ठेवा. एकानं दगा दिला तर दुसरं आहे.

गोदेचा_भोई:

समोरच्या होडीबद्दल राहिलंच. धुईत आवाज हेच डोळे. आत गोळी नसलेली प्लास्टिकची शिट्टी घ्या, ओली झाली तरी वाजते. समुद्रावरच्या जहाजांना जो नियम आहे तोच धरला तर सगळ्यांना एक भाषा होते: चालत्या होडीनं दोन मिनिटांच्या आत एक लांब शिट्टी, चार ते सहा सेकंदांची. जाळं ओढत असाल तर एक लांब आणि दोन आखूड. आजूबाजूच्या होड्यांशी हे आधीच ठरवून घ्या. शिट्टी मारली की वल्हं थांबवून ऐका. आपल्याच वल्ह्याच्या छपछपीत समोरचा आवाज बुडतो.

थडीवरच्या भोंग्याच्या, मोटारीच्या आवाजावरून अंतर ठरवू नका. थंड पहाटे पाण्यालगत गार हवा आणि वर ऊबदार हवा असते, तेव्हा आवाज खाली वळून फार लांब जातो. दोन किलोमीटरवरचा भोंगा शेजारी वाजल्यासारखा वाटतो. दिशेचा अंदाज घ्या, तोही होडी थांबवून, दोन-तीनदा.

वेग एवढाच, की जेवढं दिसतं त्याच्या निम्म्यात होडी थांबली पाहिजे. वल्ह्याचं पातं दिसत नसेल तर तो वेग शून्य होतो.

पाणकोंबडी:

सगळ्यात मोठा फरक मात्र पहाटे पाच ऐवजी आठला निघाल्यानं पडेल. जानेवारीत आपल्याकडं सूर्य सातच्या सुमारास उगवतो. वर ढग नसतील तर नऊच्या आसपास धुई फाटते. मासे खराब होतील ही भीती उन्हाळ्यात खरी आहे. हिवाळ्याच्या गार पाण्यात जाळ्यात अडकलेला रोहू-कतला दोन-तीन तासांत नासत नाही. व्यापाऱ्याला महिनाभरासाठी दहाची वेळ द्या. थडीवरच्या चार होड्यांनी मिळून सांगितलं तर तो ऐकेल, एकट्याचं ऐकणार नाही.

धुई येणार का, हे आदल्या रात्री बऱ्यापैकी कळतं. आभाळ निरभ्र, वारा पडलेला, संध्याकाळीच होडीच्या फळीवर दव, चुलीचा धूर वर न जाता आडवा पसरलेला, आणि दोन-चार दिवसांत पाऊस होऊन गेलेला. हे जुळून आलं तर पहाटे धुई धरून चाला. हवामान खात्याच्या इशाऱ्यात ‘दाट धुके’ म्हणजे ५० ते २०० मीटर दिसणं, ‘अतिदाट’ म्हणजे ५० मीटरच्याही आत. अतिदाटचा इशारा असेल तर होडी सोडूच नका.

पाण्यावर गुडघाभर वाफ तरंगते ती निराळी. हवा गार आणि पाणी ऊबदार असलं की ती निघते. उभं राहिलं तर वरून थडी दिसते, म्हणून लोक उभे राहतात, आणि तिथंच होडी कलंडते. बसूनच राहा. जीवरक्षक जाकीट अंगात हवं, फळीखाली नको. होडी उलटलीच तर पोहत थडी शोधायला निघू नका, होडीला धरून शिट्ट्या मारा. धुईत पोहणाराही गोलच फिरतो.

थडीवरचा:

होकायंत्र, शिट्ट्या, दोन जाकिटं आणि बांबूचं या आठवड्यात करतो. व्यापाऱ्याशी चार होडीवाले मिळून बोलू. शेवटचं एक: थडीवर घरचं माणूस असतं, त्यानं काय करावं?

गोदेचा_भोई:

निघायची आणि परतायची वेळ त्याला सांगून जा. धुई उतरली की त्यानं होडी लावायच्या जागेवरच उभं राहून पितळी ताट वाजवावं: पाच ठोके, मग एक मिनिट गप्प. सलग वाजवलं तर तुमची शिट्टी त्याला ऐकू येणार नाही. शिट्टी ऐकू आली की दहा ठोके द्यायचे, म्हणजे तुम्हाला कळेल की ऐकलंय. ताट वाजवत थडीनं इकडं-तिकडं फिरायचं नाही, तुम्ही त्या आवाजाच्या मागं मागं खुंटांत शिराल. ठरल्या वेळेच्या अर्ध्या तासावर उशीर झाला आणि फोन लागत नसेल, तर ११२ ला फोन करून जाळ्याच्या टोकाची नोंदवलेली जागा सांगायची. ते आकडे घरात भिंतीवर लिहून ठेवा.